खुर्चीतल्या नावाड्याला कोण मारतं?

बजाजनगरात गुन्हे कमी होतात, त्याचं कारण मी, डिटेक्टिव्ह नानासाहेब काळवणे. नुसत्या नजरेनं मी माणूस ओळखतो. चष्मा घरी राहिला तर आवाजावरून.

परवा सुदर्शन आला. तो नि आकाश, दोघं गंगापूरचे, कंपनीत एकाच पाळीला, केसरबाईंच्या खोलीत भाड्यानं राहतात. खोली एवढी लहान की सुदर्शन व्हीआरचा चष्मा लावून गेम खेळतो तो चाकं लावलेल्या खुर्चीत बसूनच. उभा राहिला तर हात पंख्यात जाईल. तर हा समुद्रात नाव वल्हवत असतो, आणि भर समुद्रात कुणीतरी त्याच्या पाठीत गुद्दा घालतं. रोज. चष्मा काढून बघावं तर खोली रिकामी, नि बाहेर गॅलरीत आकाश भाजी चिरत बसलेला. शेवटी सुदर्शननं त्याला दुसरी खोली बघायला सांगितलं होतं. दोस्ती मात्र शाळेपासूनची.

मी पाठ तपासली. वळ डाव्या बाजूला, म्हणजे हल्लेखोर डावखुरा. आकाश उजव्या हातानं जेवतो हे कळलं तेव्हा तर माझा संशय पक्काच झाला. निर्दोष माणूस एवढी काळजी घेत नाही. मग वाटलं, गेममधलाच एखादा हरलेला नावाडी असावा. सुदर्शन म्हणाला, गेममध्ये तो एकटाच असतो. म्हणजे दुसरा लपून बसला होता.

अखेर तो चष्मा लावून मीच खुर्चीत बसलो. दोन्ही डोळे झाकून पहारा देणं सगळ्यांना जमत नाही. सुदर्शन दाराबाहेर राखणीला. आकाश गॅलरीत मुकाट्यानं पिशवी भरत होता. मी जोरात वल्हवू लागलो आणि पाठीत गुद्दा बसला. मी हात मागं नेऊन हल्लेखोराचं मनगट पकडलं. गार, लोखंडासारखं. माणूस सराईत होता.

मी ओरडून सगळ्यांना बोलावलं. आधी केसरबाईंचा आवाज आला.

"नानासाहेब, कपाटाची मूठ सोडा. उपटंल ती."

फरशीला मोरीकडं उतार आहे, त्यांनी सांगितलं. अंग हलवलं की खुर्ची वीतभर मागं घरंगळते, नि मागच्या कपाटाची मूठ पाठीत बसते. फरशी पुसताना पाणीबी तिकडंच जातं. एवढं बोलून त्यांनी चाकाखाली एक चप्पल सरकवली.

सुदर्शन उंबऱ्यात खाली मान घालून उभा होता.

"आक्या, पिशवी ठेव," तो म्हणाला. "चुकलं माझं."

आकाशनं पिशवी खाली टेकवली.

"उद्यापासून भाजी तू चिर," तो म्हणाला. "नाव मी चालवतो."

मग त्यानं पिशवीतले कपडे काढून त्याच कपाटात रचले. हल्लेखोराच्या पोटात इतक्या विश्वासानं शर्ट ठेवणं मला पटलं नाही, पण मला कुणी विचारलं नाही.