विश्वधर्म सहकार, शाखा कोंढा

जगातले सगळे धर्म एकत्र आणायचे, असं तुलारामबुवांचं पक्कं झालं तेव्हा गोदावरीबाई अंगणात धान वाळवत होत्या. हे काम जेवणाआधी करायचं आहे की जेवल्यावर, एवढंच त्यांनी विचारलं.

बुवा कोंढ्याचे शेतकरी, पण गाव त्यांना ओळखायचं ते कीर्तनकार म्हणून. एका जागतिक चळवळीची माहिती त्यांनी सुनेच्या मोबाईलवर ऐकली. देशोदेशी, गावोगावी शाखा काढायच्या. प्रत्येक शाखेत निदान सात सभासद, त्यात निदान तीन धर्मांची माणसं. अट एकच, सातही जणांचं आपसात सख्य हवं. ते बघायला परदेशातून बाई येणार आणि तिला पटलं तरच मान्यता. बुवांना भरून आलं. साऱ्या जिवांचं भलं होवो, असं आपण कीर्तनाच्या शेवटी रोज मागतो. आज त्याचा छापील अर्ज निघाला, असं त्यांना वाटलं.

अर्ज सून चंदाने भरला. तीन धर्म तर एका सकाळीच जमले. बुवांचा अंगरखा वीस वर्षांपासून शिवणारे रऊफभाई आणि त्यांच्या घरच्या जैबुनबी लगेच हो म्हणाले. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या पंचफुलाबाई मेश्राम बुद्धवंदनेचं पुस्तक घेऊनच आल्या. घरचे तिघे धरून सहा झाले. अडलं ते सातव्यापाशी. मळणीचे दिवस, सगळं गाव शेतावर. रिकामा माणूस एकच होता, टिकाराम. आणि गावातली एकुलती एक पेटीही त्याचीच.

टिकाराम आणि बुवा चार वर्षांपासून बोलत नव्हते. सप्ताहात बुवा कथेच्या ऐन भरात डोळे मिटून थांबले होते. कीर्तन संपलं असं समजून टिकारामने पेटीवर आरतीचे सूर धरले आणि लोक प्रसादाला उठले. बुवांनी डोळे उघडले तेव्हा मंडपात फक्त चपला होत्या. ते टिकारामला चारचौघांत बोलले, आणि टिकारामने पेटी उचलून घर गाठलं.

चंदाच शेवटी टिकारामकडे गेली.

"मी कोनत्याच धर्माच्या विरोधात नाही, बाई," टिकाराम म्हणाला. "मी फक्त तुह्या सासऱ्याच्या विरोधात आहो. नाव टाक माहं."

पेटी वाजवीन, पण बुवांशी बोलणार नाही आणि त्यांच्या सतरंजीवर बसणार नाही, हेही त्याने सांगून टाकलं. चंदाने घरी येऊन निरोप दिला, तशी गोदावरीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"मंग तुमीच बोला ना जी त्याच्याशी."

"पयले त्यानं बोलावं," बुवा म्हणाले आणि जगाच्या ऐक्यावरचं आख्यान लिहायला बसले.

ठरल्या दिवशी संध्याकाळी, गाव शेतावरून परतल्यावर, हेलनबाई नागपूरहून गाडीने आल्या. साठीच्या, हसऱ्या, हातात वही. मंडपात सगळे एका सतरंजीवर आणि पेटीवाला दुसरीवर, हे त्यांनी लगेच हेरलं आणि चंदाला कारण विचारलं. बुवांची आणि पेटीवाल्याची परंपरा जरा वेगळी आहे, असं तिने जमेल त्या इंग्रजीत सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं. मग इथे आपण कसं वागायचं, असंही विचारलं. समोरचा जसं करेल तसं तुम्ही करा, असा सल्ला चंदाने दिला.

त्या सल्ल्याने घात केला. बुवांनी पूर्वरंग संपवून पाहुणीला दोन शब्द बोलायला उभं केलं, ते स्वतःच्याच जागेवर. आता कीर्तनाची जागा म्हणजे नारदाची गादी. तिथे जो उभा राहील त्याच्या पाया पडायचं, मग तो कोणी का असेना. गोदावरीबाई उठल्या आणि पाया पडल्या. हेलनबाई त्यांच्या पाया पडल्या. पाहुणीने, तेही गादीवरून, आपले पाय धरले म्हणून गोदावरीबाई घाबरून पुन्हा वाकल्या. बाई पुन्हा वाकल्या. चार फेऱ्यांनंतर पंचफुलाबाईंनी मधे पडून दोघींना सोडवलं आणि लांबूनच हात जोडले. बाईंनीही जोडले. रऊफभाईंनी छातीला हात लावून मान लववली, बाईंनी तेही तसंच केलं. मग बाकीचे गावकरी रांगेत आले. ज्यांच्या पाया बाई पडल्या ते धास्तावून पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहू लागले. पाऊण तास झाला तरी रांग तेवढीच.

अखेर बाई दम खायला थांबल्या. त्यांना वाटलं, इथे प्रत्येकाने प्रत्येकाला भेटायचं असतं. मग एकमेकांना न भेटलेले दोघेच राहिले की. त्यांनी टिकारामचा हात धरून त्याला पेटीवरून उठवलं आणि गादीसमोर बुवांपुढे आणून उभं केलं.

चंदाला सगळं समजावून सांगायचं होतं, पण तिचं इंग्रजी नेमकं तेव्हाच संपलं.

नारदाच्या गादीपाशी कोणाला नाही म्हणता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण आधी कोणी वाकायचं? आपणच आधी वाकलो असं दिसू नये म्हणून दोघेही एकदमच वाकले. डोकी आपटली. आणि मग कोणीच वर येईना.

"उठ ना बे," बुवा खालच्या खाली म्हणाले. चार वर्षांतला हा पहिला शब्द.

"उठता येत असतं तर तुह्या पायाशी राह्यलो असतो का? कंबर धरली माही."

"माही बी."

"मंग आता?"

"माह्या खांद्याले धर. मी तुले धरतो."

एकमेकांना धरत दोघे सरळ झाले, तेव्हा ती गळाभेटच झाली होती. सोडलं तर पुन्हा खाली जाऊ, म्हणून कोणी सोडेना. मंडपाने नामाचा गजर केला. पंचफुलाबाईंनी डोळे पुसले, जैबुनबींनी कंबरेला लावायला तेल मागवलं आणि हेलनबाई भराभर लिहीत राहिल्या.

आठ दिवसांनी मान्यतेचं पत्र मोबाईलवर आलं. बुवा आणि टिकाराम ओट्यावर चहा पीत होते. चंदाने वाचून मराठीत सांगितलं. कोंढा शाखा मंजूर. सभासद सात, धर्म चार. दोन धर्मांमधला कित्येक वर्षांचा दुरावा आपल्या डोळ्यांसमोर मिटला, अशी बाईंनी खास नोंद केली होती.

"मामाजी, धर्म तीनच आहेत आपल्याकडे," चंदा म्हणाली. "दुरुस्ती कळवतो मी."

"राहू दे," टिकाराम म्हणाला. "रऊफ, पंचफुलाबाई, तुमी घरचे, तुमचं कधी आपसात भांडन झालं का? दुरावा होता तो याचा अन् माहा. बाईनं खरंच लिवलं."

बुवांना ते पटलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"पन मंग चौथा धर्म कोनाचा? माहा का तुहा?"

"माहाच. मी वेगळा बसलो होतो."

"वेगळं बसाले कारण कोन? मी."

गोदावरीबाई कप उचलायला आल्या आणि तशाच परत गेल्या. दोघेही ऐकायला तयार नव्हते. शेवटी रऊफभाईंना बोलावून निवाडा केला. चौथा धर्म एकेक वर्ष आळीपाळीने घ्यायचा. यंदा टिकारामकडे.