कृष्णविवर आणि लोकरीचा गोंडा

“आज ते महाकाय कृष्णविवर माझ्यापुढे हात जोडून उभं राहील!” चिलीतल्या अटाकामा वाळवंटातल्या डोंगरावर चहा ढवळत नोल्बेर्तो आयावीरेने जाहीर केलं. आकाशगंगेच्या मधोमध बसलेल्या त्या विवराचा वेध घेणारं नवं यंत्र त्याने स्वतः घडवलं होतं. पण दुपारपर्यंत संकेत मिळाला नाही, तर ते उतरवून जुनंच बसवू, असं वेधशाळेच्या प्रमुख डॉक्टर फाबिओलाबाईंनी बजावलं होतं.

यंत्राच्या मुहूर्ताला त्याची आई सुनिल्दा गावाहून आली होती. कळपातल्या नव्या लामाच्या कानाला लोकरीचा गोंडा बांधून धरणीमातेला वाइन पाजल्याशिवाय त्यांच्यात शुभकार्य होतच नाही!

“कानाला बांध हं, नोल्बे!” आईने वाइनमध्ये बुचकळलेला लाल गोंडा त्याच्या हातात दिला.

“यंत्राला कान कुठला गं?”

“ऐकतं कुठून ते? तोच कान!”

यंत्राचं तोंड कर्ण्यासारखं. ते बसवलं होतं त्या अँटेनाच्या भल्यामोठ्या तबकडीवर नोल्बेर्तो चढला. वारा असा, की गोंडा उडून थेट बोलिव्हियात जायचा! म्हणून पठ्ठ्याने तो कर्ण्यात घट्ट कोंबला आणि खाली उतरला.

यंत्र सुरू झालं. पडद्यावर शुकशुकाट! वायरी तपासल्या, संगणक झोपवून उठवला. काही नाही.

“दुपार झाली. उतरवा ते,” बाई म्हणाल्या.

इतक्यात पडद्यावरची रेघ हलली! चढू लागली, चढतच गेली!

“विवर खवळलं!” बाई किंचाळल्या. “काहीतरी गिळतंय!” त्यांनी शेजारच्या वेधशाळेला फोन लावला.

“इकडे तर सगळं शांत आहे, बाई.”

“म्हणजे फक्त आपल्यालाच दिसलं!” बाईंनी नोल्बेर्तोला मिठीच मारली.

“माझा गोंडा पावला,” आई डोळे पुसत म्हणाली. “ओला होता बिचारा. एव्हाना वाळला असेल.”

नोल्बेर्तोचा चेहरा खर्रकन उतरला. ओल्या गोंड्याने संकेत अडवला होता; कोरड्या वाऱ्यात वाइन सुकत होती, आणि तसतसं विवर खवळत होतं! तो धापा टाकत वर चढला आणि त्याने गोंडा उपसून काढला. रेघ आणखी वर उसळली आणि खाली एकच जल्लोष झाला. इतकी ठसठशीत रेघ त्या डोंगरावर आजवर कुणी पाहिली नव्हती! जुन्या यंत्राने तर नुसतं लाजावं! नोल्बेर्तोचा ऊर अभिमानाने भरून आला.

उतरताना मात्र गोंडा हातातच राहिला. बाईंनी गोंड्याकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं आणि निमूटपणे पुन्हा फोन उचलला. “मघाचं विसरा हं.”

“अरे, लोंबता बांधतात तो!” आई कडाडली. “लामाच्या कानात बोळा घालतं का कुणी?”

बाईंना हसू आवरेना. “नोल्बेर्तो, यंत्र जिंकलं! दुसऱ्या तबकडीलाही हेच बसवायचं. आईंना नक्की बोलव. फक्त या वेळी गोंडा शेपटीला... आणि शेपटी कुठली, ते त्यांनाच ठरवू दे!”