दोन बोटं सैल

"अहो, एकच काम सांगते," दवाखान्यातल्या खाटेवरून बायकोने बजावलं होतं. "पलंगाला लागून बसतो तो पाळणा आणा, खोक्यातून काढा आणि जोडा. त्यात स्वतःचं डोकं घालू नका."

मास्तरांनी मान डोलावली. पण शिंप्याच्या हाती तयार वस्तू देऊन "हात लावू नका" म्हणणं म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला बसवण्यासारखंच. पुढे कपडे शिवायचं दुकान आणि मागे दोन खोल्या, असा मास्तरांचा संसार. सगळ्या गल्लीतल्या पोरांची झबली त्यांनी शिवली होती. स्वतःच्या घरात मात्र लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर परवा कुठे मुलगी आली. अशा वेळी माणसाने नुसतं खोकं उघडून गप्प बसायचं?

पाळण्यावाचून भागण्यासारखं नव्हतं, कारण मास्तरांचे पाय झोपेतही मशीन चालवत. डोळा लागला की पाय सुरू. बायकोने अकरा वर्षं त्या लाथा सोसल्या होत्या, पण तीन दिवसांच्या पोरीला ती त्या कारखान्यात झोपवणार नव्हती. पोर हाताशी हवी, पण स्वतःच्या जागेत. "आई येऊन बघेल," तिने सांगून ठेवलं होतं. "पाळणा धड नसला तर आम्ही दोघी दवाखान्यातून थेट आईकडे. तीन महिने."

सासूबाई वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या. पारड्याखाली चिकटवलेलं मेण त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच दिसे. दोनला येते म्हणाल्या होत्या, आल्या एक वाजता. निरीक्षक वेळ पाळून आला तर त्याला सापडायचं काय! एका हातात फुगलेली बॅग, दुसऱ्या हातात पोलादी टेप.

"या, आई, बसा," मास्तरांनी गिऱ्हाइकांचा बाक पुढे केला.

सासूबाई बसल्या आणि चक्क खूश झाल्या. "बाक बरा केलात हो, जावईबापू. छान टणक आहे. कमरेला आधार मिळतो." मास्तर खाकरले आणि लगबगीने त्यांना आत घेऊन गेले.

पलंगाशेजारी पाळणा उभा होता. खरं तर तो शोधावा लागत होता, कारण मास्तरांनी त्याला नखशिखान्त सजवलं होतं. चारी कडांना कापसाचे लोड, दोन उशा, झालरीची दुलई, आणि या सगळ्याखाली त्यांनी स्वतः शिवलेली गुबगुबीत गादी. सासूबाईंनी गादीवर तळहात दाबला. तो मनगटापर्यंत आत गेला. मग त्यांनी लोड बाजूला करून गादीच्या कडेला बोटं घातली. दोन बोटं आरामात उतरली. दुसऱ्या कडेलाही दोन.

"हे काय?"

"मार्जिन," मास्तर अभिमानाने म्हणाले. "लहान मुलांचं काहीही करताना मी दोन बोटं सैल ठेवतो. मूल वाढतं ना!"

"मूल वाढेल, जावईबापू. गादी वाढणार आहे का?"

मास्तर गादीची कड ओढून फट बुजवू लागले.

"पोरीचं तोंड या फटीत गेलं तर? नाहीतर त्या लोडात रुतलं तर? तिला मानसुद्धा वळवता येत नाही अजून." सासूबाई हे ओरडून म्हणाल्या नाहीत, आणि म्हणूनच मास्तरांनी एकेक लोड उचलून बाहेर काढला. अकरा वर्षं जिची वाट पाहिली, तिच्यासाठी आपण हौसेने काय शिवून ठेवलं, हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं.

"पाळण्याबरोबर माहितीचा कागद आला असेल. तो आणा."

कागद आला होता. चांगला मोठा, जाड, घडीचा कागद. असा कागद शिंप्याच्या हाती पडला की त्याचं जे होतं तेच झालं होतं. मास्तरांनी दुकानातून झबल्याचा कागदी नमुना आणून पुढे केला.

सासूबाईंनी चष्मा लावला. "'बाळाला झोपवताना नेहमी पाठीवर...' पुढे?"

"पुढे बाही आहे," मास्तर पुटपुटले.

दोघांनी कटिंगच्या टेबलाखाली गुडघे टेकून बाही शोधली. तिच्यावर लिहिलं होतं, 'पाळण्यात उशी, दुलई, लोड, मऊ खेळणी काहीही ठेवू नये.' गळ्याच्या तुकड्यावर निघालं, 'सोबत दिलेलीच गादी वापरावी.' आणि पाठीच्या घेरावर, 'पट्टा पलंगाच्या पलीकडच्या पायाला ओढून बांधावा. पाळणा आणि पलंग यांत फट राहता कामा नये.'

"सोबत दिलेली गादी कुठाय?"

"फार कडक वाटली हो. पोरीला रुतेल म्हटलं, म्हणून..."

"कुठाय?"

"मघाशी तुम्ही तिच्यावरच बसला होतात."

सासूबाईंनी गिऱ्हाइकांच्या बाकाकडे पाहिलं. मघाशी केलेली स्तुती परत घेण्याची सोय नव्हती. "आणि पट्टा?"

पट्ट्याची कथा त्याहून करुण होती. इतका मजबूत पट्टा बाजारात शोधून मिळत नाही. तो खोक्यात नुसता पडून होता, आणि कालच पोस्टमनच्या पिशवीचा पट्टा तुटला होता. मास्तरांनी तो डबल शिलाई घालून पिशवीला लावून दिला होता, वर "आता दहा वर्षं बघायला नको" असं सांगितलंही होतं.

मास्तर धावले. गळ्यात कापडी टेप, हातात कात्री, पायात एकच चप्पल. तिसऱ्या गल्लीच्या कोपऱ्यावर पोस्टमन दिसला. कात्री उगारून येणारा माणूस पाहून तो भिंतीला टेकला.

"मास्तर, आधी ती खाली करा. तुमचं पत्र आलं नाही यात माझा काय दोष?"

"पत्र गेलं खड्ड्यात! पट्टा द्या!"

कुणाच्या तरी पायरीवर बसून मास्तरांनी स्वतःचीच डबल शिलाई उसवली. इतकी पक्की शिलाई घालणाऱ्याला त्यांनी मनातल्या मनात चार शिव्याही घातल्या. पण सरकारी पिशवी बिनपट्ट्याची कशी सोडायची? शेवटी त्यांनी कमरेचा पट्टा काढून पिशवीला अडकवून दिला आणि घराकडे पळत सुटले. थोडं अंतर गेल्यावर त्यांना आठवलं, की स्वतःची पँटही आपण दोन बोटं सैल शिवली आहे. उरलेली वाट त्यांनी एका हाताने कंबर धरून कापली.

तोवर सासूबाईंनी बाकावरची गादी पुसून पाळण्यात बसवली होती. कडेला करंगळीचं नखही जात नव्हतं. "आता या गादीला चादर शिवा. ताणून बसली पाहिजे, सुरकुती नको. माप मी सांगते."

मास्तर मशीनवर बसले. "अर्धं बोट तरी सैल..."

"नाही."

"हात धजत नाही हो, आई. जन्मात असं शिवलं नाही."

"मग आज शिवा."

त्यांनी शिवलं. चादर गादीला अशी बसली की जणू दोघी जोडीनेच जन्मल्या. पट्टा पलंगाच्या पलीकडच्या पायाला आवळून झाला. पाळण्याचे पाय एक खाच खाली घेतल्यावर दोन्ही गाद्या एका पातळीत आल्या. सासूबाईंनी टेपचं पातं मधल्या फटीत घालून पाहिलं, पण फटच नव्हती.

"पास?" मास्तरांनी भीत भीत विचारलं.

"पास," सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज नापास झाल्यासारखा होता. आपल्या फुगलेल्या बॅगेकडे त्या बघत राहिल्या. "मी तिकडची खोली झाडून ठेवली होती. खिडकीला नवा पडदाही लावला होता. असो."

मास्तर शिंपी होते, तोंडाने कबूल न केलेलं मापही त्यांना कळे. त्यांनी बॅग उचलून आतल्या कपाटाशी नेऊन ठेवली. "तीन महिने तुम्हीच इथे राहा. पलंगावर माझी बाजू घ्या. मी दुकानात टेबलावर झोपेन. तसेही माझे पाय..."

"ते माहीत आहेत मला," सासूबाई म्हणाल्या आणि नाक पुसायला आत गेल्या.

चार वाजता मास्तर दोघींना घेऊन आले. बायकोने पाळणा हलवून पाहिला, पट्टा ओढून पाहिला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "खरंच डोकं घातलं नाहीत? शाबास!" सासूबाईंनी छताकडे पाहिलं.

पोरीला पाठीवर अलगद ठेवलं. तिने एकदा श्वास घेतला आणि टाहो फोडला. दूध पाजलं, लंगोट बदलला, खांद्यावर घेतलं, पण काही केल्या गप्प होईना. शेवटी निरीक्षकांचाच धीर सुटला. बॅगेतून लोकरीचा गुबगुबीत ससा काढून त्या म्हणाल्या, "हा शेजारी ठेवून बघू?"

मास्तरांनी कागदाची बाही त्यांच्यासमोर धरली. ससा बॅगेत परत गेला.

पोरीचं रडणं मास्तरांना ऐकवेना. जीव कासावीस झाला की ते जे करत, तेच त्यांनी केलं. दुकानात जाऊन मशीनवर बसले आणि पॅडल मारू लागले. आतलं रडणं थांबलं. काय झालं ते बघायला मास्तर थांबले, तर पुन्हा टाहो.

"अहो, थांबू नका!" आतून बायको ओरडली. "नऊ महिने मी त्या मशीनशेजारी बसून काजं-बटणं केली. तिला दुसरं काय ठाऊक आहे?"

मास्तर दोरा न ओवताच पॅडल मारत राहिले. आपण वाजवतोय आणि आपली लेक झोपतेय, या आनंदाने त्यांना इतकं भरून आलं की डोळ्यांपुढची सुई दिसेना. अर्ध्या तासाने आत सामसूम झाली. पोर पाठीवर, मोकळ्या पाळण्यात, दोन्ही मुठी वर करून झोपली होती. हाताच्या अंतरावर तिची आई झोपली होती. आणि मास्तरांच्या बाजूला, पोलादी टेप मुठीत धरून, सासूबाई घोरत होत्या.

मास्तर पहाटेपासून उभे होते. हळूहळू त्यांची मान कलली. मशीनवर डोकं टेकून तेही गाढ झोपले. पाय मात्र चालूच होते.