पनभाऊचं अर्धं उघडं दार

आमच्या गावात एक माणूस भरदुपारी भुताच्या गोष्टी सांगतो. रात्री सांग म्हटलं तर म्हणतो, रात्री तर कुत्र्यालेबी भेव वाटते, त्यात माझी कारागिरी काय? सावली तालुक्यातल्या आमच्या तलावाच्या पाळीवर चिंचेखाली आम्ही मासे धरणारे जाळी विणत बसतो, तिथे याचा दरबार. नाव लटारू. दर गोष्टीत "सारं बराबर होतं. पन..." असं म्हणून गप्प बसतो, म्हणून पोरंसोरं त्याला पनभाऊ म्हणतात.

मी तिसरी शिकलो. पण चांगलं भूत कोणतं नि भिकार कोणतं हे समजायला तेवढं पुरतं. भूत म्हणजे पाय उलटे पाहिजेत, केस मोकळे, दात बाहेर. माझ्या आजाच्या गोष्टीतलं भूत एकदा मानगुटीवर बसलं की मांत्रिकाशिवाय उतरत नसे. गावात टीव्ही आला, त्यातलं भूतसुद्धा दर हप्त्याला न चुकता तोंड दाखवायचं. लटारूच्या भुताला मात्र भारी लाज. जन्मात बाहेर आलं नाही.

त्याची रीत सांगतो. पहिले तो तुम्हाला चुलीपाशी नेऊन बसवणार. बाई शेतावरून आली, हातपाय धुतले, भात उतरवला, वाळल्या झिंग्यांची चटणी वाटली. अर्धा घंटा नुसता स्वयंपाक. ऐकणारा डुलक्या घेऊ लागला की मग एवढीशी खुंटी मारणार. पेल्यातलं पाणी कमी झालेलं. नाहीतर पाटाजवळ ओलं पाऊल. नाहीतर दार, मघाशी लावलेलं, आता अर्धं उघडं. "सारं बराबर होतं. पन..." आणि महाशय दाताने सूत तोडत बसणार, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणार. आवाज एवढा खाली नेणार की अख्खी पाळ त्याच्याकडे झुकते.

अरे, दार वाऱ्यानेही उघडतं. कुत्रं येतं, पाणी पिऊन जातं. यात भेवाचं काय? मी चारचौघांत त्याला हे विचारलं. वर हेही म्हटलं की हिंमत असेल तर एकदा भूत दाखव.

तो म्हणाला, "कुत्र्याचं नाव घेतलं तं कुत्रंच दिसते भाऊ. कोनाचं नाव नाई घेतलं तं ज्याच्या त्याच्या मनातलं येते."

लोकांनी माना डोलावल्या. लोकांचं काय, नंदीबैल सारे.

नुकसान मात्र खरं होतं. गोष्ट चढली की विणणाऱ्यांचे हात आवळतात, जाळ्याची भोकं बारीक होत जातात. मग बोटाएवढी पिल्लंही त्यातून सुटत नाहीत. आमच्या गावचं कोणतंही जाळं उन्हात धरून बघा. पेला कुठे रिकामा झाला नि दार कुठे उघडलं, सगळं कळतं. माझ्याही जाळ्यात तसा एक पट्टा निघाला. त्या दिवशी सूत खराब होतं.

मग त्याचा पोरगा ब्रह्मपुरीहून जीपने आला. लटारूची बायको बायजाबाई जाऊन दोन पावसाळे झाले होते. म्हाताऱ्याला आता एकटं ठेवायचं नाही, घराला कुलूप लावून सोबत न्यायचं, असं पोराने ठरवलेलं. बाप हलेना. पोरगा माझ्याकडे आला, म्हणाला, काका, तुम्ही सांगून पाहा.

मला ठाऊक होतं म्हातारा कशासाठी अडून बसला आहे. ब्रह्मपुरीत गोष्टी ऐकायला फुकटचे कान कुठून मिळणार? हे तोंडावर सांगायचं ठरवून मी भरदुपारी त्याच्या घरी गेलो.

दार अर्धं उघडं. लटारू चुलीपुढे. भात उतरवलेला, चटणी वाटलेली. दोन पाट मांडलेले, दोन पेले भरलेले. उन्हातून आलेलो, घसा कोरडा. मी भुईवरच बसलो नि जवळचा पेला उचलला. त्याने माझं मनगट धरलं.

"तो नोको भाऊ. तुले दुसरा देतो."

त्याने माठातून पाणी आणून दिलं. मी प्यालो. पाटावर मात्र कोणी येऊन बसलं नाही. मी त्या भरल्या पेल्याकडे पाहिलं. माझाच आवाज खाली का गेला कोणास ठाऊक.

"कमी होते का कधी?"

"नाई."

"पाऊल?"

"रोज सारवून ठेवतो. अजून तं नाई." त्याने भातावर झाकण ठेवलं. "तू मले म्हनलं होतं, भूत काऊन दाखवत नाई. आलं असतं तं सांगतलं नसतं का भाऊ?"

पोराचा निरोप माझ्या तोंडातच राहिला. उठलो, बाहेर आलो, सवयीने दार ओढून घ्यायला हात गेला.

"राहू दे," आतून आवाज आला. "तसंच राहू दे."

अंगणात पोरगा कुलूप घेऊन उभा होता. त्याला म्हटलं, हे परत घेऊन जा, आणि ही गोष्ट पुन्हा काढू नको. तो काऊन काऊन करत राहिला.

तो गेल्यावर मी ओट्यावरच बसलो, हातात दगड घेऊन. भिंतीच्या सावलीत गावचं एक मरतुकडं कुत्रं त्या दाराकडे बघत होतं. मेलं आत शिरून पेल्यातलं पाणी लपलप पिऊन गेलं असतं, तर त्या येड्याला काय काय वाटलं असतं.