गहिनीनाथ सरांची कंबर

सजीव सृष्टीत जो परिस्थितीप्रमाणे आपलं रूप बदलतो, तो तगतो. बी मात्र तेच राहतं. या सिद्धांताचा भक्कम पुरावा म्हणजे प्रज्ञाचं ते पत्र, ज्याला गहिनीनाथ सरांनी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत उत्तर दिलं नाही.

सर पाथर्डीला जीवशास्त्र शिकवून पंचाण्णव साली निवृत्त झालेले (निरोप समारंभात मिळालेली आरामखुर्ची अद्याप उत्तम स्थितीत). प्रज्ञा त्यांची जुनी विद्यार्थिनी. नेवाशाकडे ऊसतोड मजुरांच्या तळावर ती मुलांची शाळा चालवी. तिनं लिहिलं होतं, ‘सर, इथं निम्मी मुलं आपल्याच तालुक्यातली. मला एकटीला आवरत नाहीत. हंगाम संपेपर्यंत याल का? राहायला पाचटाची कोपी आहे. नाहीतर मोठ्या मुली पुन्हा फडात जातील.’

सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि त्यांची कंबर धरली.

अजाण माणसं याला भित्रेपणा म्हणतील. पण डबक्यात पिसवेएवढा एक जीव असतो. पाण्यात शत्रूचा नुसता वास आला, तरी त्याच्या डोक्यावर टोकदार टोप वाढतो. सरांना वास येई आमंत्रणाचा. लग्न म्हटलं की सर्दी, भाषण म्हटलं की घसा, सासुरवाडी म्हटलं की दोन्ही. यशाचं प्रमाण शंभर टक्के. (एकदा सत्काराच्या आमंत्रणालाही घसा बसला, ते दुसऱ्या गहिनीनाथांचं निघालं.)

उत्तर लिहायला ते बसले नाहीत असं नाही. ‘सजीवांची लवचीकता’ या विषयावर चौदा पानं झाली होती. हो की नाही, एवढंच त्यात यायचं राहिलं होतं.

संक्रांतीला शेजारचा मच्छिंद्र फडावरून दोन दिवस गावी आला. त्याची मुलगी शुभांगी सहावीतली; सरांच्या ओट्यावर बसून त्यांची पुस्तकं वाचायची.

“शुभांगी शाळेत बसते ना रे?” सरांच्या पत्नीनं, चांगुणाबाईंनी, विचारलं.

“बसत हुती, काकू. आता मोळ्या बांधती. बाईला बारक्यांतून सवड न्हाई. मोठ्यांसाठी कुनी मास्तर येनार म्हनत हुत्या. त्याचा काय पत्त्याच न्हाई.”

सरांनी कंबर दाबली. “त्याचं असं आहे मच्छिंद्र, ज्वारीचं बी एकच. आपल्या माळावर ताट गुडघाभर, नेवाशाच्या पाटपाण्यावर डोक्याच्या वर...”

“व्हय सर,” म्हणून मच्छिंद्रनं चहा संपवला. “उद्या सकाळी जीप हाय. येतो.”

तो गेल्यावर चांगुणाबाई म्हणाल्या, “बत्तीस वर्षं ऐकतेय हे बियाणं. आता तुम्हालाच तिकडं पेरून बघू. नाही उगवलात, तर आणू उपटून.”

विज्ञानाला प्रयोग नाकारता येत नाही. सरांनी प्रज्ञाला लिहायला पोस्टकार्ड घेतलं. ‘येतो. शुभांगीला सांग, पुस्तकं आणतोय.’ कार्डावर जागा उरली, म्हणून पुढं लिहिलं, ‘आणखी मास्तर लागत असल्यास कळव. असल्या गोष्टी वाचून हळहळणारी पुष्कळ मंडळी आहेत. पत्ते देतो.’

(हे वाचताना आपल्या कमरेत चमक निघाली असल्यास घाबरू नये. सिद्धांत बरोबर आहे.)

कार्ड आपल्यानंतर चार दिवसांनी पोचणार, हे सरांना कळत होतं. पण उत्तर न देता जाणं त्यांना बरं दिसेना. सकाळी जीप खोळंबली, मच्छिंद्र हॉर्न वाजवत राहिला, आणि सर एका हातानं कंबर धरून टपालपेटीपर्यंत गेले. कार्ड टाकलं. परत येताना हात कमरेवर ठेवायचा राहून गेला.