विरलेल्या मल्चिंग पेपरच्या वसुलीची मोहीम

आधी नमन काळ्या मातीस, जी सर्व गिळते आणि पावती देत नाही. तदनंतर हकीकत ऐसी की, सार्वजनिक बागेचे माळीकाका, खुरपेबहाद्दर, तणकुळसंहारक, यांनी शेवंतीची चारशे रोपे पोटच्या लेकींपरी वाढविली आणि वाफ्यांवर तण दाबावयास मक्याच्या सत्त्वाचे काळे प्लास्टिक अंथरिले, ज्यास रयत मल्चिंग पेपर म्हणते. तीन महिन्यांत मातीत विरावे ऐसा त्याचा करार. आणि पेपर इमानी निघाला, बोलिल्याप्रमाणे विरला. सरकारकामी ऐसे आक्रीत पूर्वी घडले नव्हते. मग कळ्या धरण्यास महिना उरला असता लव्हाळा नामे तण फौजेनिशी चालून आले, हरळीने कुमक केली, आणि रोपांचा जीव कंठाशी आला.

मग माळीकाका जातीने कोठीवर गेले. तेथे कोठीवाले कुलूपराव, नियमकुलभूषण, नात्याने काकांचे व्याही, तीन पाय आणि एक वीट ऐशा सिंहासनी विराजमान होते. त्यांनी फर्माविले की, जुना माल जमा केल्याविना नवा मिळणे नाही.

"अहो व्याहीबुवा, तो विरला. विरायलाच आणला होता ना?"

"मग विरलेला आणा. घरी तुम्ही व्याही, इथे माळी."

लेक त्यांचे घरी दिलेली, सबब काका रित्या हाती परतले. पाच दिवस वेढा चालला. आत नव्या पेपरची गुंडाळी कुलुपात, आणि शेजारी बारा वर्षांमागे जमा जाहलेले साधे प्लास्टिक, अभंग, चिरंजीव. कुलूपराव त्यास शिस्तीचा नमुना म्हणत.

सहावे दिवशी काकांनी वाफ्याची माती गोणीत भरिली आणि खांद्यावरून आणून मेजावर आदळिली.

"घ्या तुमचा पेपर. मोजून घ्या."

कुलूपरावांनी हात घातला, तो दोन गांडुळे निघाली.

"हे काय?"

"साक्षीदार. यांनीच खाल्लाय."

मग कुलूपरावांनी चष्मा पुसिला आणि गोणीस चिठ्ठी बांधिली की, जुना पेपर, एक नग, स्थिती बारीक. काकांची सही घेऊन गुंडाळी मोकळी केली. लव्हाळ्याचा मोड जाहला, आणि चारशांपैकी तीनशे साठ रोपे फुलली.

गोणी अद्याप कोठीत जमा आहे. तीतून शेवंतीचा एक फुटवा वर आला, त्यास कुलूपराव कोणी पाहात नाही ऐसे पाहून आपल्या तांब्यातले पाणी घालितात. कारण जमा माल मरू देणे नियमात बसत नाही. फत्ते जाहली, ती कोणाची हे न विचारता येथे नोंदिली असे.