लांडगेमहाराजांनी पोटात घातलेल्या चुका

बाळांनो, एका जंगलात झाडंच नव्हती. उघडाबोडका डोंगर, दगड आणि ऊन. तरी त्याला जंगल म्हणायचं, कारण तिथे राजा होता.

तिथे तांबुली नावाचं नखाएवढं फुलपाखरू राहायचं. नुकत्याच घासलेल्या तांब्यासारखे तिचे पंख. झऱ्याकाठी आंबट पानांचा चुका उगवायचा. तोच, ज्याची तुमची आई भाजी करते आणि तुम्ही नाक मुरडता. तांबुली त्याच्या पानांवर अंडी घालायची. तिची पोरं दुसऱ्या कशाला तोंड लावत नसत. घराणंच हट्टी!

एकदा लांडगेमहाराजांनी झऱ्याचं पाणी आपल्या डुंबायच्या डबक्याकडे वळवलं. ही महाराजांची चूक, अशी प्रजा कुरकुरली. महाराज भडकले. साळिंदर कारभाऱ्यांना म्हणाले, "राज्यात एकही चूक दिसता कामा नये. सगळ्या चुका मुळासकट उपटून काढा!"

कारभारी पेचात पडले. खऱ्या चुका शोधाव्यात, तर माग थेट डबक्यापाशी जायचा. पण कारभारी शहाणे होते. ते निमूट झऱ्याकाठी गेले आणि चुका उपटू लागले.

"अहो कारभारी, ही भाजी आहे!" तांबुली ओरडली.

"नाव काय हिचं?"

"चुका."

"मग झालं तर!"

बघता बघता काठ बोडका झाला. शेवटचं रोप कारभाऱ्यांनी पुरावा म्हणून दरबारात नेलं. नेमकी त्यावरच तांबुलीची अंडी होती.  तीही मागोमाग दरबारात शिरली.

"महाराज, एवढा एक चुका परत लावू द्या. माझी पोरं फक्त चुकाच पोटात घालतात हो!"

दरबार चपापला.

"पोरं चुका पोटात घालतात?" महाराज गुरगुरले. "मग आम्ही कशाला आहोत? प्रजेच्या चुका राजानंच पोटात घालायच्या!"

आणि त्यांनी पानं, मुळं, अंडी, सगळं एका घासात गिळलं. जन्मात कधी पाला न खाल्लेला लांडगा तो. आंबट लागून त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"महाराजांना गहिवरून आलं!" कारभारी ओरडले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

महाराजांच्या मिशीला पानाचा एक तुकडा चिकटला होता. तांबुली त्याच्याभोवती घिरट्या घालत राहिली. तुकड्यावर अंडं नव्हतं.

"बघा, केवढा जीव आहे तिचा महाराजांवर," प्रजा म्हणाली.

तात्पर्य: थोरांनी लहानांच्या चुका पोटात घालाव्यात. लहानांनी अंडी दुसरीकडे घालावीत.